भंडाऱ्याची डबी, हजार नग

१२ जून २०२५
सौंदत्तीच्या डोंगरावर दुकान मांडणारा व्यापारी आज बेळगावच्या उद्यमबागेत आमचं वर्कशॉप शोधत शोधत आला. भंडारा ठेवायची पितळी डबी हवी, हजार नग, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधी. पौर्णिमा ४ डिसेंबरला, म्हणजे माल २० नोव्हेंबरपर्यंत द्यायचा. नमुना म्हणून त्याने जुनी डबी दिली. पत्रा गोल वळवून झाळलेली, बूड वेगळं लावलेलं. झाकण दोनदा उघडल्यावर सैल होतं आणि पिशवीत सगळा भंडारा सांडतो, ही त्याची मुख्य तक्रार. "हळद सांडली तर माणूस परत माझ्याच दुकानावर भांडायला येतोय," म्हणाला.

मी म्हटलं, सांधा नकोच, एका चकतीतून ओढून काढू. बोलून गेलो आणि मग रात्रभर हिशोब करत बसलो. आजवर आम्ही ओढकामात (सपाट चकती पंचाने डायच्या भोकातून दाबत नेऊन भांड्याचा आकार देणं) उथळ वाट्या केल्या, पंपाच्या टोप्या केल्या. उभट, नळकांड्यासारखं काही केलेलं नाही.

१६ जून
माप ठरलं: बाहेरून २२ मिमी, उंची ५२. वरच्या ८ मिमीला गळा थोडा आत घ्यायचा, त्यावर झाकण बसेल आणि बाहेरून सलग दिसेल. पत्रा ०.८.

चकतीचा व्यास: ओढताना पत्र्याची जाडी साधारण तीच राहते असं धरलं, तर चकतीचं क्षेत्रफळ म्हणजेच डबीचं क्षेत्रफळ. २२चा वर्ग ४८४, त्यात चार गुणिले २२ गुणिले ५२ म्हणजे ४,५७६. बेरजेचं वर्गमूळ ७१. पण तोंड कधीच सरळ निघत नाही, छाटायला चार मिमी उंची जास्त धरली आणि चकती ७४ घेतली.

एका दणक्यात ७४ वरून २२ वर येता येत नाही. ७४ ते ४२, मग ३२, मग २६, मग २२. चार ओढी, चार डाय, चार पंच. डायचाच खर्च बघून बायको म्हणाली, हजार डब्यांत हे निघणार का? निघणार नाही. दुसऱ्या ऑर्डरीत निघेल.

३ जुलै
गावातला पत्रा आणून वीस चकत्या मारल्या. पहिली ओढ बरी गेली. दुसऱ्या ओढीत पंचाच्या नाकावर, बुडाच्या कडेला, टर्रकन फाटलं. एक, दोन, पाच. प्रेसवरचा पोरगा बैलहोंगलचा, तो म्हणाला, "गट्टी ऐती री." कडक आहे, हे त्याला हाताला आधी कळलं. पत्रा ६३-३७ चा (६३ टक्के तांबं, ३७ टक्के जस्त) आणि तोही अर्धकडक होता. देणाऱ्याने "पितळ म्हणजे पितळ" एवढंच सांगितलं होतं, विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही.

खडकीच्या काकांना फोन केला. काका तिथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत ३१ वर्षं होते, काडतुसाच्या पितळी केसवर, म्हणजे बाहेरच्या नळकांड्यावर. (तो कारखाना १८६९ चा, हे प्रत्येक फोनमध्ये एकदा येतं.) ते हसले. "अरे, तू डबी करत नाहीयेस, काडतूस करतोयस. सत्तर-तीस घे. त्या पितळाचं नावच कार्ट्रिज ब्रास." सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. पितळांच्या घराण्यात एवढं ताणून घेणारं दुसरं नाही.

१० जुलै
पुण्याहून सत्तर-तीसचा नरम पत्रा आला. १,२०० चकत्या. नुसत्या चकत्यांचंच वजन ३५ किलो. पाऊस असा की ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनपासून दुकानापर्यंत ताडपत्रीखालून आणला.

पहिली ओढ साबणाच्या पाण्यात. आवाज बदलला. त्या पत्र्याचा कडकडाट होता, हा नुसता सुस्कारा सोडून आत जातो.

१५ जुलै
पहिल्या ओढीनंतर वाटी वाजवून बघितली. चकती थप्प वाजायची, वाटी टणटण वाजते. ठोकलं, वाकवलं, ओढलं की पितळ कडक होत जातं आणि आपण होऊन कधी मऊ पडत नाही, भट्टीत घालावं लागतं. मफल भट्टी ६०० अंशाला, अर्धा तास, मग सरळ पाण्यात. लेथवरच्या मिस्त्रींना हे पटेना. पोलाद लाल करून पाण्यात घातलं की कडक होतं, हेच त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. पितळाला पाण्याने काही होत नाही, फक्त वरची काळी साल थोडी सुटते आणि माल लवकर हाताळता येतो. एक वाटी पाण्यात गार केली, एक हवेत. दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी अंगठ्याने दाबल्या, काही बोलले नाहीत, आणि दुपारच्या चहाला माझ्या शेजारी येऊन बसले.

१९ जुलै
आम्लाच्या टाकीत माल गुलाबी निघाला. पातळ गंधकाम्लात काळपटपणा काढतो, त्यात पोराने लोखंडी सांडशी घातली. आम्लात उतरलेलं तांबं लोखंडाच्या नादाने परत पितळावर चढतं. तांब्याच्या डब्या वाटाव्यात असा रंग. चिंच लावून घासलं तरी पूर्ण जाईना. आता लाकडी चिमटे, आणि टाकीवर खडूने कन्नडात आणि मराठीत दोन्हीकडे लिहिलं: लोखंड नको.

२२ जुलै
८५ नग गेले. भट्टीचं थर्मोकपल (आतलं तापमान मोजणारी तार) सैल झालं होतं, काटा ६०० दाखवत होता आणि आत बरंच जास्त होतं. वाट्या बाहेर आल्या तेव्हा छान मऊ. पुढच्या ओढीनंतर अंगावर मोसंबीच्या सालीसारखी खरखर उठली. जास्त ताप दिला की पितळातले कण फुगून मोठे होतात, मग ओढताना प्रत्येक कण आपापला वेगळा वाकतो आणि ते डोळ्यांना दिसतं. बफने घासून सपाट करता येतं, पण मग भिंत कुठे पातळ कुठे जाड. नकोच. भंगारात.

एक मात्र कळलं. कमी तापलेला माल लगेच फाटून सांगतो. जास्त तापलेला गप्प बसतो आणि दोन दिवसांनी सांगतो.

३१ जुलै
चौथी ओढ चालू. तोंडाला चार कान येतात, म्हणजे कड चार जागी उंच राहते, पत्रा ज्या दिशेने लाटला त्याच्या हिशोबाने, प्रत्येक डबीला त्याच जागी. तीन मिमीपर्यंत. म्हणून ती चार मिमीची उधळपट्टी. लेथवर लाकडी मांडणीवर चढवून छाटतो, आतली बर (कापताना उठलेली धारदार कड) कानशीने.

छाटलेल्या ५० डब्या शहापुरातल्या सराफ मित्राच्या काट्यावर तोलल्या. २७ ग्रॅम यायला हव्या होत्या, आल्या २६.४ ते २७.७. पत्र्याची जाडीच ०.७८ ते ०.८२ असणार, तेवढ्यात हा फरक बसतो. काकांना सांगितलं. ते म्हणाले, बाहेरच्या देशांत नेमबाज लोक तेच काडतूस पुन्हा पुन्हा भरून वापरतात, तेही केस अशाच तोलून वेगळ्या लावतात, कारण बाहेरून माप एकच असताना वजन जास्त म्हणजे आतली जागा कमी. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, हेही त्यांनी लगेच जोडलं. सरकारी माणूस.) "पण काटा धातू किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही."

म्हणून एक डबी उभी कापली. एका बाजूला भिंत ०.७१, समोर ०.७९. दुसरीही तशीच. तिसऱ्या ओढीचा पंच डायच्या मधोमध नव्हता. खाली पातळ पट्टी सरकवून दुपारभरात नीट केला. वजनात हे कधीच दिसलं नसतं.

२ ऑगस्ट
शेडचं पत्र्याचं छप्पर गळायला लागलं. छाटून तयार असलेल्या २४० डब्या खोक्यांत भरून येळ्ळूरला मामांच्या घरी ठेवल्या. गळा काढायची डाय अजून तयार नाही, तोवर त्या तिथे कोरड्यात राहतील.

२३ ऑगस्ट
मामींचा फोन. "अरे, तुझ्या डब्या रात्री टिचतात बघ." मला वाटलं उंदीर. गेलो. खोकी उघडली आणि खालीच बसलो. डब्यांना उभ्या भेगा. तोंडापासून खाली, दोन-तीन सेंटिमीटर, केसासारख्या बारीक. काहींच्या भेगेत नख जात होतं. कोणी हात लावलेला नाही, काही पडलेलं नाही. मोजल्या: ६१. मी बसलो असतानाच एक टिक् करून वाजली.

सगळ्यात जास्त मागच्या एका भिंतीकडच्या खोक्यांत. तळाला मी ३० डब्या शेवटी भट्टीतून काढलेल्या, पूर्ण मऊ, नमुन्याच्या म्हणून घातल्या होत्या, त्यातली एकही तडकली नाही. त्या भिंतीपलीकडे गोठा. दोन म्हशी, एक गाय.

रात्री झोप नाही. पुण्याच्या पत्रेवाल्याला फोनवर वाट्टेल ते बोललो. त्याची चूक नव्हती, नंतर तसं त्याला सांगितलं.

२९ ऑगस्ट
काका गणपतीला आले आहेत. आरती झाल्यावर त्यांच्या ताटाशेजारी भेगाळलेली डबी ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, बोटाने भेग चाचपली आणि विचारलं, "जनावरं कुठे होती?" मी भेगांबद्दल काहीही सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट त्यांच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. ब्रिटिश अमलात फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली जायची आणि बसल्या जागी उभी तडकायची. पावसाळा सरला की तक्रार बंद, म्हणून गोऱ्यांनी त्याला ऋतूचंच नाव दिलं: सीझन क्रॅकिंग. कारण पुढे १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडलं. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. ओढताना पितळाच्या अंगात अडकून राहिलेला ताण, हवेतला ओलावा, आणि जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. ताण आधीच तोंड उसवायला बघत असतो, अमोनिया फक्त धागा कुरतडतो.

येळ्ळूरच्या श्रावणात मला तिन्ही एका खोलीत मिळाल्या.

काकांना खरं तर आनंदच झाला होता. लपवत होते, पण प्रसादाचे मोदक दोन जास्त खाल्ले.

५ सप्टेंबर
काकांचा उपाय: मऊ करायचं नाही, फक्त ताण सोडवायचा. २६० अंश, एक तास. एवढ्या उष्णतेने कडकपणा जवळजवळ तसाच राहतो आणि आतली ओढाताण बसते. थर्मोकपल आधी तपासलं, दोनदा.

खरं-खोटं बघायला लोणच्याची मोठी बरणी घेतली (मामींनी दिली, परत नको म्हणाल्या). तळाला अमोनियाचं द्रावण, वर जाळी, जाळीवर ताण सोडवलेल्या पाच डब्या आणि न सोडवलेल्या पाच. बरणी रात्रभर मागच्या अंगणात, वाऱ्याच्या बाजूला. सकाळी सगळ्या काळ्या-निळ्या. न सोडवलेल्या पाचपैकी चार उभ्या फाटलेल्या. सोडवलेल्या पाचही शाबूत.

येळ्ळूरच्या उरलेल्या १७९ डब्यांनाही तेच केलं. ताण सुटला तरी आधीच पडलेली भेग सांधत नाही, म्हणून एकेक डबी सराफाच्या भिंगाखाली पाहिली. तरी पुढे गळा काढताना त्यातल्या ९ उसवल्या.

१३ सप्टेंबर
गळ्याची डाय तयार. २२ वरून २०.४२ ला आत घ्यायचा. तोंड कडक असलं तर सुरकुत्या पडतात, म्हणून आधी तोंड मऊ करायचं, पण फक्त तोंड. बूड आणि अंग कडकच हवं, नाहीतर कमरेला लावलेली डबी चेपते. काडतुसाचंही तेच, काका म्हणतात: बुडाला दाब सोसायचा असतो, मानेला गोळी धरायची असते, एकाच पितळाला दोन स्वभाव द्यावे लागतात. फौजेच्या काडतुसाच्या मानेवर निळसर-तांबूस झाक असते, ती याच जाळाची खूण. ते ती पुसत नाहीत. मला मात्र पुसावी लागणार, व्यापाऱ्याला लखलखीत हवी.

डबी परातीत पाण्यात उभी केली, अर्धं अंग बुडेल एवढं पाणी, आणि वरून गॅसचा बर्नर.

१८ सप्टेंबर
चाळीस डब्या झाल्या आणि मी चक्रावलो. गळ्याचं माप सगळ्यांचं २०.४२, मायक्रोमीटरने, तीन ठिकाणी. झाकणाची आतली मापं २०.३८. म्हणजे चार शतांशांची पकड, सगळीकडे तीच. पण ताणकाटा अडकवून झाकण ओढलं, तर एक ८०० ग्रॅमला निघतं, दुसरं चार किलोला. काही झाकणं पहिल्यांदा घट्ट, दहा वेळा उघडल्यावर ढिली. त्या जुन्या डबीसारखीच!

माप एक, पकड वेगळी. दोन दिवस मी झाकणांनाच दोष देत होतो.

कारण शेवटी पोराच्या हातात सापडलं. तो सकाळी ताजा असतो तेव्हा जाळ नेमका फिरवतो, दुपारी कंटाळला की एका बाजूला जास्त धरतो. जो गळा जास्त भाजला तो मऊ: झाकणाने दाबला की दबतो आणि परत फुलत नाही. जो कमी भाजला तो स्प्रिंगसारखा उलटा रेटतो. मायक्रोमीटरला दोन्ही सारखेच दिसतात. पितळाने किती मार खाल्ला आणि किती ऊब घेतली, हे मापात उतरत नाही, झाकणाला मात्र कळतं.

शिवाय मी आणखी एक शहाणपणा केला होता. काही डब्यांना गळा काढून झाल्यावर पुन्हा जाळ दिला, "अजून मऊ, अजून नीट" म्हणून. काकांनी फोनवर कपाळाला हात लावल्याचं ऐकू आलं. जाळ आधी, गळा नंतर. गळा काढताना पितळ थोडं कडक होतं, तोच कडकपणा झाकण धरतो. तो भाजून टाकला की उरलं काय?

२४ सप्टेंबर
ट्रकच्या वायपरची मोटर भंगारातून आणली. तिच्यावर चकती, चकतीवर डबीचा खळगा, बाजूला दोन बर्नर समोरासमोर, एक टायमर. डबी स्वतःभोवती फिरते, जाळ हलत नाही. ठरावीक तापमानाला वितळणारा खडू आतून ओढला आणि वेळ शोधत गेलो. पाच सेकंद कमी, नऊ जास्त. सात. दिवे घालवून बघितलं तर सातव्या सेकंदाला कडेवर लाली येते न येते एवढ्यात डबी पाण्यात.

पोराला आता फक्त डबी ठेवायची आणि उचलायची. "छलो आतु," म्हणाला. बरं झालं.

२७ सप्टेंबर
पन्नास डब्या, नवीन यंत्रावर. गळा, मग २६० ला एक तास, मग आम्ल, मग पॉलिश. ताणकाटा: दीड ते सव्वादोन किलो. वीस वेळा उघडबंद करून पुन्हा: एक किलो तीनशेच्या खाली कोणी नाही. सासूबाईंच्या हातात एक दिली, त्यांना संधिवात आहे. त्यांनी उघडली, बंद केली, आणि त्यात सुपारी भरून घेऊन गेल्या.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. प्रेसला, लेथला, भट्टीला झेंडूच्या माळा. वायपरच्या मोटरलाही पोराने वेगळं हळदकुंकू लावलं. काम बंद.

१४ ऑक्टोबर
झाकणं सगळी झाली. उथळ असल्याने एका ओढीत निघतात, त्रास नाही.

१ नोव्हेंबर
दरवर्षीप्रमाणे बंद. घरी बसून हिशोब मांडला. १,२०० चकत्यांतून भट्टीने ८५ खाल्ल्या, गोठ्याने ६१, त्यानंतर गळ्यात ९, आणि सुरकुत्या, गुलाबी डाग, हातातून पडून चेपलेल्या अशा १७. उरल्या १,०२८.

१२ नोव्हेंबर
पॅकिंग. खोकी दुकानातच, नवीन छपराखाली, फळीवर. मामा म्हणाले, आता पाऊस नाही, येळ्ळूरला ठेव की. मी नुसता हसलो. ताण सोडवलाय, काही होणार नाही, बरणीने सांगितलंय. तरी नाही.

१९ नोव्हेंबर
हजार नग दिले. व्यापाऱ्याने खोक्यातून मधलीच एक उचलली, भंडारा भरला, झाकण लावलं आणि डबी उलटी धरून माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर तीनदा झटकली. काही पडलं नाही. मग पैसे मोजले.

जाताना म्हणाला, देव्हाऱ्यात ठेवायला लहान मिळेल का, माघ पौर्णिमेला? १६ मिमी, उंची ४२.

सोळाचा वर्ग २५६. छाटायचे चार धरून चार गुणिले १६ गुणिले ४६, २,९४४. बेरीज ३,२००. वर्गमूळ ५६.६. चकती ५७.